सांकलिया आणि मंडळी

माझ्या थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरचा पहिला ड्राफ्ट माझ्या गाइड मॅडमकडून परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलने केलेले त्रेसष्ट गोल होते, मी मोजले, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट गोल एकाच गोष्टीभोवती होते. ‘एट अल.’, म्हणजे संदर्भ देताना पहिल्या लेखकाच्या नावापुढे बाकीच्या लेखकांसाठी लिहितात ते. मी ज्याला तोपर्यंत सगळ्यात सेफ समजत होते तोच शब्द. म्हणजे इंग्रजीत आर्टिकल कुठे घालायचं, ‘इन’ की ‘ऑन’, ‘हॅज’ की ‘हॅड’, याची मला कायम भीती, प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचे, पण एट अल. काय, ते तर लॅटिन, सगळेच लिहितात, बघून उतरवायचं आणि पुढे जायचं, त्यात काय चुकणार असं वाटायचं.

थोडं मागचं सांगते म्हणजे कळेल. मी नेवासा तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठी मीडियम, बीए इतिहास तालुक्याच्या कॉलेजात, मग एमए पुरातत्त्व आणि मग पीएचडी, पुण्याबाहेरच्या एका युनिव्हर्सिटीत. विषय जोर्वे संस्कृतीची तोटीची भांडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात ताम्रपाषाण काळातली जी शेतकरी वस्ती होती, साधारण इसवी सन पूर्व १४०० ते ७०० या काळातली, तिला जोर्वे संस्कृती म्हणतात, कारण ही भांडी पहिल्यांदा नीट ओळखली गेली ती संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी. लाल भांडं, चाकावर घडवलेलं, छान भाजलेलं, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, आणि काही भांड्यांना बाजूला लांब तोटी. हातात खापर घेऊन टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. मला हे काम मनापासून आवडतं. पण थिसिस लिहायचा इंग्रजीत, आणि दुसरा चॅप्टर म्हणजे आधी कोणी काय काय काम केलं त्याचा आढावा, म्हणजे पानोपानी नावं आणि सालं. त्यामुळे एट अल. माझ्या चॅप्टरमधे शब्द म्हणून नव्हतंच, मुरमुऱ्यासारखं पसरलेलं होतं.

आता मी लिहिलं कसं होतं ते सांगते. ‘एट’ नंतर टिंब, ‘अल’ नंतर टिंब. काही ठिकाणी फक्त ‘एट’ नंतर टिंब, ‘अल’ नंतर काहीच नाही. काही ठिकाणी ‘सांकलिया अँड एट अल.’ (सांकलिया म्हणजे यातली बहुतेक उत्खननं करणारे पुरातत्त्वज्ञ). काही ठिकाणी मधे कॉमा. दोन ठिकाणी तर माणसांच्या ऐवजी साइट्सच्या, उत्खनन झालेल्या ठिकाणांच्या, यादीनंतर, म्हणजे ‘नेवासा, दायमाबाद, इनामगाव एट अल.’ असं. हे मी मनाने नव्हतं लिहिलं, आमच्या डिपार्टमेंटच्या रॅकवर जे जुने थिसिस आहेत त्यातले तीन-चार समोर ठेवून लिहिलं होतं, आणि त्या थिसिसमधेही अगदी असंच होतं. त्यांनी त्यांच्या आधीच्यांचं बघून लिहिलं असणार. एक चूक पंधरा-वीस वर्षं हातातून हातात येत होती आणि बांधणी झालेल्या काळ्या कव्हरमधे सोनेरी अक्षरांखाली बसली होती, त्यामुळे ती मला चूक वाटायचं काही कारणच नव्हतं.

मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, ‘हे काय आहे, याचा अर्थ सांग.’ मी म्हटलं, म्हणजे बाकीचे लेखक. ‘मग टिंब कशाचं?’ मला सांगता येईना. मग त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. लॅटिनमधे ‘एट’ म्हणजे ‘आणि’. पूर्ण शब्द आहे, दोन अक्षरांचा, त्यात काहीच कापलेलं नाही, मग त्याच्यापुढे टिंब कशाला. टिंब कशाला देतो आपण, शब्द तोडला की देतो, जसं ‘डॉ.’ किंवा ‘रा. रा.’ ‘अल’ मात्र तोडलेला आहे, मूळ शब्द ‘अली’, म्हणजे ‘इतर’, पुरुष किंवा मिश्र मंडळी असतील तर ‘अली’, सगळ्या बायका असतील तर ‘अलीए’, नपुंसकलिंगी असेल तर ‘अलिया’. लिंगाप्रमाणे शेपूट बदलतं, आणि ते शेपूट कापून ‘अल’ ठेवला म्हणून त्याच्यापुढे टिंब. एवढंच. आणि ‘एट’ मधेच ‘आणि’ आलेला असल्यामुळे ‘अँड एट अल.’ म्हणजे ‘आणि आणि इतर’ झालं.

हे ऐकल्यावर मला वाटलं की एवढं साधं होतं आणि कोणी सांगितलं कसं नाही. खरंच, शाळा-कॉलेजात आम्हाला पॅसिव्ह व्हॉइस वर्षानुवर्षं शिकवला पण शोधनिबंधात जे रोज लागतं ते शिकवायला कोणाला वेळच नसतो, सगळे म्हणतात येईल वाचून वाचून, आणि वाचायला मिळतात ते चुकीचे थिसिस. याचा मला आजही राग येतो. मुलं हुशार असतात, फील्डवर उन्हात महिनोन् महिने काम करतात, आणि मग परीक्षक पहिल्याच पानावरच्या एका टिंबावरून ठरवून टाकतो की याचं काम कच्चं असणार.

मी रूमवर आले आणि फाइंड-रिप्लेस करायला बसले. वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. ‘एट’ पुढचं टिंब काढलं, ‘अल’ पुढे दिलं, ‘अँड’ उडवला, साइट्सच्या यादीपुढे ‘एटसेट्रा’ केलं, कारण वस्तूंसाठी, जागांसाठी वगैरे-वगैरे ते एटसेट्रा आणि माणसांसाठी एट अल. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंट घेऊन गेले. मॅडमनी पहिलंच पान बघितलं आणि ‘सांकलिया एट अल. १९५५’ या ओळीवर बोट ठेवलं. ‘१९५५ चा रिपोर्ट कोणाकोणाचा आहे?’

मला माहीत नव्हतं.

म्हणजे रिपोर्ट माहीत होता, नाशिक आणि जोर्वे इथल्या १९५०-५१ च्या उत्खननाचा, माझ्या सगळ्या विषयाची सुरुवातच तिथून, पण माझ्याकडे होते फक्त भांड्यांच्या भागाचे झेरॉक्स, कधीतरी एका सीनियरकडून मिळालेले, त्यात टायटल पेज नव्हतं. आणि सगळीकडे सांकलिया सांकलिया असतं म्हणून मी डोळे झाकून सांकलिया एट अल. लिहून मोकळी झाले होते. मॅडम रागावल्या नाहीत, त्या फक्त म्हणाल्या, ‘पुण्याला जा. एकेका रिपोर्टचं पहिलं पान उघड, वहीत लिहून आण. मग एट अल. कुठे येतं ते तुझं तुलाच कळेल.’

मी गेले. नगरहून एसटी, मग येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या लायब्ररीत. झाडांमधली ती जुनी दगडी इमारत, आत लाकडी कपाटं, आणि मी एकामागून एक रिपोर्ट काढून टेबलवर मांडले. जाड बाइंडिंग, पिवळी झालेली पानं, कडेला हात लावला की भुगा पडतो. वहीत मी जे लिहिलं ते असं.

नाशिक-जोर्वे, १९५५. लेखक एच. डी. सांकलिया आणि एस. बी. देव. दोघंच. म्हणजे इथे एट अल. येऊच शकत नाही. ‘इतर’ म्हणायला किमान दोन माणसं तरी उरली पाहिजेत ना, एकच माणूस उरला असेल तर त्याचं नाव लिहायला काय होतंय. दोन लेखक असले की कायम दोन्ही नावं, पहिल्यांदा पण आणि पन्नासाव्यांदा पण. नंतर एका फिजिक्सच्या मैत्रिणीने मला याचं फार छान उदाहरण दिलं, ती म्हणाली १९२८ साली ‘नेचर’मधे जो रामन परिणामाचा लेख आला तो रामन आणि कृष्णन या दोघांचा, तिथे कोणी रामन एट अल. लिहिलं तर कृष्णन पुसले जातात. डीएनएच्या १९५३ च्या लेखाचं तेच, वॉटसन आणि क्रिक, एट अल. नाही.

महेश्वर-नावडातोली, १९५८. नर्मदेच्या दोन काठांवरची दोन गावं. लेखक सांकलिया, बी. सुब्बाराव, देव. तिघं.

नेवासा, १९६०. माझं गाव. लेखक सांकलिया, देव, झेड. डी. अन्सारी, आणि एस. एरहार्ट. चौघं.

आहाड, राजस्थानातलं, १९६९. सांकलिया, देव, अन्सारी. नावडातोली परत एकदा, १९७१. तेच तिघं.

दायमाबाद, १९८६. एस. ए. साळी. एकटे.

इनामगाव, १९८८. एम. के. ढवळीकर, सांकलिया, अन्सारी. इथे पहिलं नाव ढवळीकरांचं आणि सांकलिया दुसरे. मी माझ्या ड्राफ्टमधे इनामगावलाही दोन जागी सांकलिया एट अल. लिहून ठेवलं होतं, आणि दायमाबादला साळी एट अल., म्हणजे एकट्या माणसाच्या मागे मी मंडळी उभी केली होती.

त्या टेबलावर बसून मला जे लख्ख दिसलं ते हे की माझ्या ड्राफ्टमधे सगळीकडे सारखं दिसणारं सांकलिया एट अल. प्रत्यक्षात दर वेळी वेगळं आहे. १९५८ च्या ‘इतर’मधे सुब्बाराव आहेत, १९६० मधे सुब्बाराव नाहीत पण अन्सारी आणि एरहार्ट आहेत, १९६९ मधे एरहार्ट नाहीत. आणि देव, ते १९५५ पासून १९७१ पर्यंत या पाचही रिपोर्टांत आहेत, १९५५ ला तर दोघंच, तिथे त्यांचं नाव दिसायलाच हवं होतं, आणि नेमकं तिथेच मी ते पुसलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. हे काही ऑनलाइन फॉर्म भरण्यासारखं नाहीये, ही माणसं तंबूत राहिली, खापरं धुतली, मोजली, चित्रं काढली.

मग आकड्याचा प्रश्न. किती लेखक असले की एट अल. करायचं? याचं उत्तर स्टाईलप्रमाणे, म्हणजे संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे (एपीए, शिकागो वगैरे), बदलतं आणि मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण एक सीनियर एक सांगतो आणि दुसरा दुसरं, आणि दोघंही बरोबर असू शकतात. एपीए स्टाईलची सातवी आवृत्ती २०१९ ला आली, त्यात तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि एट अल. त्याच्या आधीच्या, सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्यांदा सगळी नावं लिहायची आणि नंतर एट अल., म्हणून जुनी पुस्तकं वाचून लिहिणारे तसं लिहितात. शिकागो स्टाईलची सतरावी आवृत्ती, जी आमच्या डिपार्टमेंटच्या स्टाईलशीटला जवळची, ती म्हणते तीनपर्यंत सगळी नावं मजकुरात लिहा, चार किंवा जास्त असतील तर एट अल. म्हणजे महेश्वरचा तोच १९५८ चा रिपोर्ट, एपीएत सांकलिया एट अल., कॉमा, १९५८, आणि शिकागो सतरामधे सांकलिया, सुब्बाराव आणि देव १९५८. कॉमा पण बघा, एपीएत एट अल.च्या टिंबानंतर कॉमा येऊन मग साल, शिकागोत कॉमाच नाही. माझ्या ड्राफ्टमधे दोन्ही होते, ज्या लेखातून माहिती घेतली त्या लेखाचं जसं असेल तसं.

म्हणजे काय, तर माझ्या स्टाईलशीटप्रमाणे नेवासा सोडला तर वरच्या यादीतल्या एकालाही एट अल. लागतच नव्हतं! त्रेसष्टमधले कितीतरी तिथेच गळाले.

मागच्या संदर्भसूचीत काय करायचं हा अजून वेगळा भाग. मी तिथेही एट अल. लिहून जागा वाचवली होती. मॅडम म्हणाल्या, मजकुरात आपण आखडतो ते मागे सगळी नावं आहेत या भरवशावर, तू मागेही आखडलंस तर ती माणसं कुठेच राहिली नाहीत. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे. अर्थात इथेही शाखेप्रमाणे फरक आहे, माझी रूममेट मेडिकलच्या रिसर्चमधे आहे, त्यांच्याकडे व्हँकूव्हर पद्धत, त्यात संदर्भसूचीतच पहिली सहा नावं आणि मग एट अल. चालतं. आणि ते करावंच लागतं. २०१५ ला ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधे हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा जो लेख आला, सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांचा मिळून, त्याला ५१५४ लेखक आहेत, ३३ पानांच्या लेखात २४ पानं नुसती नावं आणि संस्था. तिथे पहिलं नाव आद, कारण यादी अक्षरानुक्रमाने, आणि जगभर तो लेख आद एट अल. म्हणून ओळखला जातो. त्यामुळे एट अल. वाईट नाही, ते नसतं तर विज्ञानाचे लेख लिहिताच आले नसते. फक्त तिघांच्या पुरातत्त्व रिपोर्टला ५१५४ वाला न्याय नको.

आता क्रियापद. हे मला सगळ्यात कठीण गेलं आणि ते सुटलं ते गावी. इंग्रजीत सांकलिया एट अल. पुढे ‘सजेस्ट’ की ‘सजेस्ट्स’? मी ‘सजेस्ट्स’ लिहीत होते, कारण नाव एकच दिसतंय. आणि नुसते साळी असले की ‘सजेस्ट’, कारण मराठीत आपण मोठ्या माणसाला साळी म्हणतात, साळी मांडतात असंच म्हणतो ना, मनात आदरार्थी बहुवचन असायचं आणि ते इंग्रजीत उतरायचं. म्हणजे एकाला अनेकवचन आणि अनेकांना एकवचन, बरोबर उलटं.

दिवाळीला घरी गेले होते. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, ते लहानपणी नेवाशाच्या टेकडीवरच्या खोदकामात मातीच्या पाट्या वाहायला जायचे. १९५४ ते ५६ चं ते उत्खनन. मी पुरातत्त्व शिकते म्हणून त्यांना माझं फार कौतुक, मी गेले की बसवून घेतात. त्या दिवशी ओट्यावर बसून सांगत होते, नेहमीचंच, आणि मधेच म्हणाले, ‘सांकलिया साहेब आन मंडळी सकाळच्यालाच टेकडीवर यायचे.’ मी ते आधीही दहा वेळा ऐकलं असेल. पण त्या दिवशी मला एकदम लागलं की हेच की! साहेब आणि मंडळी. मराठीत आपल्याकडे हा शब्दप्रयोग कायमच आहे, पाटील आणि मंडळी, लग्नपत्रिकेत असतं, तमाशाच्या बोर्डावर असतं. आणि ‘साहेब आन मंडळी यायचे’, तिथे अनेकवचन आदराचं नाही, खरोखर चार-पाच माणसं आहेत म्हणून आहे. तेव्हापासून मी इंग्रजी वाक्य लिहिताना मनात एट अल. च्या जागी ‘आणि मंडळी’ ठेवते. मंडळी म्हणतात, म्हणून ‘सजेस्ट’. साळी एकटे, म्हणून इंग्रजीत ‘सजेस्ट्स’, आदर मनात ठेवायचा. एक मंडळी, दोन मंडळी असं होत नाही म्हणून दोन लेखकांना लागत नाही. आणि ‘आणि आणि मंडळी’ कोणी म्हणत नाही. सगळे नियम त्या एका शब्दात आले. मराठीत लेख लिहिताना ‘सांकलिया व इतर’ किंवा ‘सांकलिया प्रभृती’ लिहितात, ते बरोबरच आहे, पण मला लिहिता यायला लागलं ते ‘मंडळी’मुळे.

बारीकसारीक अजून. वाक्य एट अल. ने संपलं तर दोन टिंबं द्यायची नाहीत, एकच पुरतं. ‘मंडळींचा रिपोर्ट’ असं षष्ठीत लिहायचं झालं तर टिंबानंतर अपॉस्ट्रॉफी आणि एस येतो, चूक नाही पण दिसायला ओबडधोबड, मी वाक्यच फिरवते. तिरप्या टाइपात लिहायचं का हे जर्नल सांगेल तसं, एपीएत सरळच. आणि सेमिनारला वाचून दाखवताना ‘एट अल’ असं वाचत बसू नका, ‘अँड कलीग्ज’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं.

सॉफ्टवेअरबद्दल मात्र जरा सांगते कारण त्यात माझा अख्खा आठवडा गेला. सगळ्यांनी सांगितलं झोटेरो नावाचं संदर्भ लावणारं सॉफ्टवेअर वापर, आपोआप होतं. होतं, पण आपण आत जे भरतो त्यावर. मी रिपोर्टांच्या एंट्री हाताने करताना लेखकांची सगळी नावं एकाच रकान्यात कॉमा देऊन टाकली होती. सॉफ्टवेअरला वाटलं हा एकच लेखक आहे, लांबलचक नावाचा, त्यामुळे नेवाशाला चार जण असूनही एट अल. येईना, कंसात चारही नावं इनिशियलसकट यायची. आणि काही एंट्री नेटवरून तयार घेतल्या होत्या, त्यात कोणीतरी लेखकाच्या जागी पहिलं नाव टाकून पुढे एट अल. टाइप केलेलं, तर सॉफ्टवेअरने त्यालाही माणूस समजून आडनाव ‘अल.’ आणि नाव ‘एट’ असं धरलं. एका लेखात तर ते पहिलंच नाव होऊन बसलं, आणि संदर्भसूचीत अगरवाल आणि ऑलचिन यांच्या मधे अक्षरानुक्रमाने ‘अल., एट’ अशी एंट्री छापून आली. ते पान माझ्या नजरेतून तीन वेळा सुटलं होतं. सापडलं कसं, तर मी रात्री अडीचला सूचीतल्या एकेका नावावर पट्टी ठेवून ते मोठ्याने वाचत होते तेव्हा. उपाय सरळ आहे, प्रत्येक लेखकाला वेगळी ओळ, आडनाव वेगळं, नाव वेगळं, आणि एट अल. स्वतःच्या हाताने कधीच टाइप करायचं नाही, ते त्याला मोजून घालू द्यायचं. स्टाईल बदलली की तेही आपोआप बदलतं. पण त्यासाठी पुस्तकाचं टायटल पेज बघितलेलं पाहिजे, त्याला पर्याय नाही.

याच काळात अजून एक झालं. एमएनंतर मी एका प्रोजेक्टवर होते, खापरांची चित्रं काढायचं काम, म्हणजे काठाचा तुकडा घ्यायचा, त्रिज्येच्या तक्त्यावर उभा धरून व्यास काढायचा, प्रोफाइल गेज दाबून आकार घ्यायचा आणि ग्राफ पेपरवर उतरवायचा. २१२ काठ मी एकटीने काढले होते, मान धरायची. त्याचा लेख आला, चार लेखक, मी तिसरी. माझं छापून आलेलं पहिलं नाव, वडिलांनी ते पान लॅमिनेट करून ठेवलंय. तर पुढच्या वर्षी एका मोठ्या लेखात आमच्या लेखाचा उल्लेख आला, मी हावरटासारखं शोधलं, मजकुरात पहिलं नाव आणि एट अल., ते बरोबरच आहे, चौघं आहोत आम्ही. मग मागे सूची उघडली. तिथेही पहिलं नाव आणि एट अल. माझी चित्रं त्यांनी तक्त्यात वापरली होती, मी कुठेच नव्हते. तेव्हा मला मॅडमचं ते वाक्य परत आठवलं, आणि मी उठून माझ्या स्वतःच्या सूचीतली प्रत्येक नोंद पुन्हा तपासली.

आणि त्या तपासण्यात एरहार्ट यांच्यापाशी थांबले. नेवाशाच्या रिपोर्टमधलं चौथं नाव. दोन वर्षं मी तो रिपोर्ट वापरत होते, माझ्या गावचा रिपोर्ट, आणि या कोण हे मला माहीत नव्हतं, मॅडमनी पाठवलं नसतं तर नाव पण कळलं नसतं. पूर्ण नाव टाकायचं म्हणून शोधलं तर सोफी एरहार्ट, जर्मन मानवशास्त्रज्ञ, ट्यूबिंगनच्या, नेवाशाच्या सांगाड्यांचा अभ्यास त्यांचा. मला आधी आनंद झाला, त्या काळातल्या रिपोर्टमधे एक बाई लेखक म्हणून आहे. मग पुढे वाचलं. १९३८ पासून त्या बर्लिनला रॉबर्ट रिटरच्या वंशसंशोधन केंद्रात होत्या, नाझी काळात, रोमा आणि सिंती, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणायचे, त्या लोकांची मोजमापं घेणाऱ्या लोकांमधे. ज्या लोकांची अशी मोजमापं आणि नोंदी झाल्या त्यातले किती जण छळछावण्यांत मेले हे सगळ्या जगाला माहीत आहे. युद्धानंतर त्या विद्यापीठात शिकवत राहिल्या, आणि पन्नासच्या दशकात आमच्या प्रवरेकाठच्या सांगाड्यांपर्यंत आल्या. नेवाशाला घरांच्या जमिनीखाली लहान मुलांना पुरलेलं सापडलं होतं, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत मूल. मी ती चित्रं कितीदा बघितली आहेत.

मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मग मॅडमना दाखवलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं, निदान असं सलग नाही. त्यांनी विचारलं, ‘आता काय करणार आहेस?’ मी म्हटलं, आपल्या स्टाईलशीटप्रमाणे नेवासा म्हणजे एट अल., चौघं आहेत, नियमात बसतं. पण सांगाड्यांबद्दल जिथे लिहीन तिथे मी एट अल. नाही लिहिणार, तिथे वाक्यातच नाव घेईन, कारण तो भाग देवांनी किंवा अन्सारींनी लिहिलेला नाही, त्यांच्यावर तो जाऊ नये, आणि ज्यांनी लिहिला त्यांचं नाव मंडळीत झाकलं पण जाऊ नये. आणि खाली फूटनोट देईन. मॅडम म्हणाल्या, ‘भांड्यांच्या थिसिसमधे ही फूटनोट लागते का, परीक्षक विचारेल.’ मी म्हटलं, विचारू दे.

थिसिस मार्चमधे सबमिट झाला. दुसऱ्या चॅप्टरमधे आता एट अल. एकोणीस वेळा आहे, प्रत्येकाच्या मागे कोण आहे ते मी न बघता सांगू शकते. फूटनोट पान ७४ वर आहे, चार ओळींची.